अप्पर, डिप्पर आणि पत्र्याचा पडदा

दिवेलागणीला नागपुरात महालच्या बडकस चौकात पाच मिनिटे उभे राहा. समोरून पंधरा-वीस वर्षांची एखादी गाडी येते आणि नंबर प्लेट दिसायच्या आत डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मालक मात्र खूश असतो. "भाऊ, प्रोजेक्टर टाकले ना!" बहुतेकदा त्याने प्रोजेक्टर टाकलेलेच नसतात. जुन्याच वाटीत एलईडीचा झगझगीत बल्ब कोंबलेला असतो आणि पुढची काच तेवढी चकचकीत असते. खरा प्रोजेक्टर वेगळाच प्राणी आहे, आणि त्याच्या गोष्टी मजेदार आहेत.

पैसे प्रकाश अडवण्याचे

प्रोजेक्टर दिव्याची वाटी लंबवर्तुळाकार असते. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीत बल्ब ठेवला की वाटीवर आपटलेले सगळे किरण दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतात. तिथेच पत्र्याचा एक छोटा पडदा उभा असतो आणि त्याच्या पुढे जाड भिंग. भिंग त्या पडद्याची सावली रस्त्यावर फेकते, तीही उलटी. म्हणून पडदा खालच्या अर्ध्या भागात, पण काळोख वरच्या अर्ध्या भागात! सिनेमाच्या यंत्रात रीळ उलटे चढवायचे ते याच कारणाने. खाली लख्ख उजेड, वर अंधार आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत उजेड पोहोचू नये, हीच या दिव्याची खरी कमाई. गाड्यांत हा प्रकार १९८६मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजपासून रुळला.

अप्पर मारल्यावर काय होते? एकाच झेनॉन बल्बवर अप्पर-डिप्पर दोन्ही चालवणाऱ्या बाय-झेनॉन प्रकारात एक चिमुकले विद्युतचुंबक पडदाच बाजूला सारते. रात्री शांत गल्लीत बॉनेटपाशी कान द्या, 'टक्' असा आवाज येतो. ही युक्ती १९९९मध्ये मर्सिडीजच्या सीएल मॉडेलमध्ये आली.

पडदा जुन्या बल्बातही होताच

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत एच-४ बल्ब असतो. त्याचा जन्म १९७१चा. त्याच्या आत दोन तारा असतात, ५५ वॅटची डिप्परची आणि ६० वॅटची अप्परची. डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी कटोरी असते. ती खाली जाणारे किरण अडवते, त्यामुळे वाटीचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि उजेड रस्त्याकडे उतरतो. सगळे गणित ती तार नेमकी कुठे बसली आहे यावर चालते. एलईडीची पट्टी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली की उजेड समोरच्या स्कूटरवाल्या काकूंच्या चष्म्यात. हजार रुपयांत 'प्रोजेक्टरसारखा उजेड' मिळतो म्हणणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक असते, पण सांगून त्याचे काय भले होणार!

एच-४ला बोट लावू नये म्हणतात, ती अंधश्रद्धा नव्हे. पेटल्यावर त्याची क्वार्ट्झची काच कित्येकशे अंशांपर्यंत तापते. बोटाचे तेल लागलेली जागा जास्त तापून तिथेच काच तडकते. जुना मिस्त्री बल्ब फडक्यातच धरतो.

सात इंचांचे राज्य

जीप, जिप्सी, अँबॅसडर आणि बुलेट यांच्यात सारखे काय? कपाळावरचा सात इंची गोल दिवा. हे माप अमेरिकेने १९४०मध्ये ठरवले. तिथे पुढे चाळीसेक वर्षे गाडीला कायद्याने ठरावीक मापाचेच बंद दिवे लावावे लागत. त्यांचा तो कायदा गेला, माप मात्र जगभर उरले. म्हणूनच आज सात इंची प्रोजेक्टर जीपमध्ये चार स्क्रूंत बसतो. नव्या गाडीचा वेडावाकडा, पापण्यांसारखा ओढलेला दिवा मात्र भट्टीत तापवून, गोंद मऊ करून उघडावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात नुसत्या उन्हात ठेवूनही तो उघडेल असे कुणाला वाटेल. नाही उघडत, त्याला शंभराच्या आसपास अंश लागतात. बंद करताना गोंदात कसर राहिली, की जुलैत दिव्याच्या आत पाणी साचते.

ऊन दिवा उघडत नाही, पण पिवळा नक्की करते. अँबॅसडरची काच खरोखर काच होती, ती कधी पिवळी पडली नाही. आताची 'काच' पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा संरक्षक थर अतिनील किरणांनी उडाला, की मोतीबिंदू झाल्यासारखी धुरकटते. टूथपेस्टने घासून ती चमकते खरी, पण उरलासुरला थरही निघून जातो. त्यावर नवे कोटिंग चढवले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. प्रोजेक्टरवर खर्च करण्याआधी ही काच बघा. गढूळ काचेमागे जर्मन भिंगही बिचारेच.

कपाळावरची टिकली

जुन्या ट्रक-बसच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका असायचा, कुठे वरची अर्धी काच काळी रंगवलेली. चकाकी कमी करण्याचा तो गरिबाचा पडदा. त्याच चकाकीपायी तिकडे फ्रान्सने १९३०च्या दशकापासून १९९३पर्यंत गाड्यांना पिवळेच दिवे लावायला लावले.

बाण कुठे बघतोय?

डिप्परची रेघ सपाट नसते. एका बाजूला ती साधारण १५ अंशांनी वर चढते, म्हणजे कडेचा सायकलवाला आणि मैलाचा दगड लवकर दिसावा. आपण डावीकडून चालतो, तेव्हा चढ डावीकडे हवा. युरोप-अमेरिकेतल्या भंगार गाड्यांतून काढलेला प्रोजेक्टर स्वस्तात मिळतो, पण त्याचा चढ उजवीकडे असतो, थेट समोरच्या गाडीच्या काचेत. ओळखायचे कसे? युरोपीय मानकाच्या दिव्यावर, तो फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी असेल तर आडवा बाण कोरलेला असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे असला, की दिवा आपल्या रस्त्याचा. बाणच नसला तर तो उजवीकडच्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोके असली तर बदलता येतो. शेजारच्या वर्तुळात 'ई' आणि आकडाही असतो. १ म्हणजे मंजुरी जर्मनीची, २ फ्रान्सची, ४ नेदरलँड्सची, ११ ब्रिटनची.

आणि त्या रेघेच्या कडेला दिसणारी निळी-जांभळी झाक? तिच्यावर पोरे जीव टाकतात. ती महागाची खूण नाही. भिंगाची कड लोलकासारखी वागते, एवढेच.

निळा म्हणजे जास्त? उलट

झेनॉनला पेटताना वीसेक हजार व्होल्टचा झटका लागतो, मग तो ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन देतो. एच-४चा डिप्पर साधारण १०००च्या घरात. कंपनीचा झेनॉन ४३०० केल्विनच्या आसपासचा, किंचित पिवळसर पांढरा असतो. ८००० केल्विनचा निळा बल्ब त्याच विजेत कमी उजेड देतो आणि जास्त खुपतो. युरोपच्या नियमात २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप उंची बदलणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा. आपल्याकडे किट बसवताना या दोन्हींचे नावही निघत नाही.

वयाचाही हिशेब आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. आजोबा म्हणतात "काही दिसून नाही रायलं", तर दर वेळी दोष दिव्याचा नसतो.

"बल्ब नाही भाऊ, तार थकली तुमची"

हे वाक्य एखाद्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ऐकायला मिळाले, तर त्याच्याकडेच काम द्या. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बारीक तारांतून, स्टिअरिंगजवळच्या झिजलेल्या स्विचमधून फिरून येतो. वाटेत व्होल्टेज गळते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के घटले, की उजेड ३० टक्के गायब! बॅटरीपासून जाड तार, दोन रिले, एक फ्यूज आणि घट्ट अर्थिंग एवढ्यावर तोच जुना बल्ब दचकण्याइतका उजळतो. माझ्या मते निम्म्या लोकांची प्रोजेक्टरची हौस इथेच भागेल. आणि हे न करता १०० वॅटचा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो, मग धूर निघेपर्यंत कुणाला कळत नाही.

वाघाचे डोळे

रॉयल एनफिल्डच्या बुलेटवर मोठ्या दिव्याच्या वर दोन छोटे दिवे असतात ना, त्यांना 'टायगर लॅम्प' म्हणतात. ते १९५४पासून आहेत, आणि व्याघ्रनगरी म्हणवणाऱ्या नागपुरात बुलेट शोभते ती त्यामुळेही असावी! खऱ्या वाघाचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो. गाय, कुत्रा, हरीण यांनाही तो असतो, माणसाला नाही. म्हणून पेंचच्या जंगलातल्या रस्त्याला चितळ लांबून दिसते आणि काळे कपडे घातलेला पादचारी दिसत नाही. जनावर उजेडात थिजले, तर अप्पर बंद करा.

कायदा आठ मीटरवर उभा

केंद्रीय मोटार वाहन नियमातला १०६वा नियम वाचण्यासारखा आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. यासाठी यंत्र लागत नाही. डिप्पर लावा, मित्राला तिथे उभे करा. तो शिव्या देऊ लागला, तर दिव्यामागचा स्क्रू फिरवा. समोर लाल उजेड दाखवायलाही बंदी आहे, त्यामुळे भिंगात पेटणारे ते लाल 'डेमन आय' थेट दंडाचे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर मूळ तपशिलापासून हटणाऱ्या बदलांनाच रोखते, म्हणून खर्चाआधी आरटीओत विचारून घ्या.

ट्रकमागे 'यूज डिपर ॲट नाइट' वाचत आपण मोठे झालो. टाटा मोटर्सने ट्रकचालकांत एड्सबद्दल जागृती करण्यासाठी 'डिपर' नावाचे निरोधच काढले होते. सल्ला दोन्हीकडे लागू.

तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालच्या रस्त्यांवरून मारबतीची मिरवणूक निघते आणि गावाला छळणाऱ्या सगळ्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. कुठल्या तरी मंडळाने यंदा एका डोळे दिपवणाऱ्या एलईडीचा बडगा काढाच. आणि राजेहो, त्याला दिवे लावाल तर फोकस खाली ठेवा.