मोठा आकडा आणि खरखर

रेकॉर्डर घेताना नजर आधी '९६ किलोहर्ट्झ, २४ बिट' या अक्षरांवर जाते आणि आकडा मोठा म्हणजे आवाज स्वच्छ, असे वाटते. समज स्वाभाविकच; खोक्यावर तेच ठळक छापलेले असते. पण आवाज किती बारकाईने साठवला जाईल, एवढेच हे आकडे सांगतात. शांत जागी ऐकू येणारी खरखर त्याआधीच, प्रीअँपमध्ये (माइककडून आलेला क्षीण संकेत वाढवणारा भाग) मिसळलेली असते. गढूळ पाणी मोठ्या हंड्यात भरले म्हणून नितळ होत नाही.

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते. ते टिपायला नमुने घेण्याचा वेग त्याच्या दुपटीहून थोडा जास्त लागतो, म्हणून ४८ किलोहर्ट्झ पुरतात. वटवाघळे टिपायची असतील तर गोष्ट वेगळी. पहाटेची देवराई किंवा हलक्या आवाजातली जात्यावरची ओवी टिपायची, तर 'ईआयएन' (प्रीअँपची स्वतःची खरखर) पाहावे. ते उणे १२० डीबीयूच्या खाली, उणे १२५च्या आसपास असेल तर उत्तम. माइकचीही स्वतःची खरखर असते, हे वेगळेच. जमल्यास रेकॉर्डर एका रात्रीपुरता मागून आणावा, पंखा बंद करून गेन (आवाजवाढीची पातळी) चढवावा आणि हेडफोनवर नुसती शांतता ऐकावी. दुकानातल्या गजबजाटात ती सापडत नाही.