पुण्याहून दिसणारी जहाजे

होमरच्या ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात हेक्टर ग्रीकांच्या एका जहाजाची पिछाडी घट्ट धरून उभा राहतो आणि आग आणा म्हणून ओरडतो. त्याच्या मुठीत असते ते आफ्लास्तोन, म्हणजे पिछाडीवरून आत वळलेला, पंख्यासारखा फाकलेला लाकडी नक्षीचा शेंडा. ग्रीक लोक जहाजे पिछाडीकडून किनाऱ्यावर ओढून ठेवत, त्यामुळे जमिनीवरून चालून आलेल्या शत्रूच्या हाती आधी तेच लागे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर नाटककार एस्किलसचा भाऊ इराणी जहाजाचे आफ्लास्तोन पकडायला गेला आणि कुऱ्हाडीच्या घावाने हात गमावून बसला, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. जिंकलेल्या जहाजाचा हा शेंडा विजयचिन्ह म्हणून मिरवला जाई. काही प्राचीन मूर्तींत तो समुद्रदेव पोसायडनच्या हातातही दिसतो.

पुण्याला समुद्र नाही. पण लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांतले कित्येक स्वतःला धेनुकाकटचे ‘यवन’ म्हणवतात. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत. हे सारे ग्रीकच होते की एकूण परदेशी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पश्चिमेकडच्या जहाजांचा माल मात्र घाट चढून इथवर येत होता, हे नक्की.

नंतरच्या काळातली एक गोष्ट पुण्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजी आरमाराने तोफा डागल्या, त्या नानासाहेब पेशव्यांशी झालेल्या करारानुसार. जमिनीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य होते. विजयदुर्ग राखणारे मराठ्यांचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्या एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, पसरली आणि काही तासांत बहुतेक आरमार खाक झाले. तुळाजींचे वर्तन पेशव्यांना सलत होते, त्याला कारणेही होती. तरीही पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी गलबते आपल्याच संमतीने जळाली. त्या गुराबांची नाळ कशी होती, पिछाडीवर काय कोरले होते, हे डोळ्यांनी पाहायला आज एकही उरलेली नाही.

जहाजांचा शोध घ्यायचे कामही पुढे पुण्यातच उभे राहिले, हे समाधान आहे. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापून घेतले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया तिथे आले. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात काशाच्या वस्तूंचा साठा सापडला होता. १९४५–४६ मध्ये सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या साठ्यात होता पोसायडन. हातात मावेल एवढी मूर्ती: दाढीवाला, उघड्या अंगाचा, त्रिशूळ पेलावा तसा एक हात वर उचललेला. त्रिशूळ मात्र आता नाही. सह्याद्री ओलांडून सातवाहनकाळच्या गावात पोचलेला हा समुद्रदेव कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणाऱ्या पुणेकरांनी तेवढी वाट वाकडी करावीच.

१९७३ मध्ये भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरचा इंग्रजी ग्रंथ आला. कागदांतून जहाज पुन्हा बांधण्याचा तो फार मोलाचा प्रयत्न.

जुन्या धाटणीचे जहाज लाकडातून बांधायला मात्र २०२३ उजाडले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातले तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. दोन्ही टोके उंच उचललेली, बाजूला डोळा, मागे रांजणांची रांग. त्यावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ उभारले. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे नाळेवरच्या कोरीव सिंहाची आणि शिडांवरच्या गंडभेरुंडाची होती. मला आधी पाहावीशी वाटली ती पिछाडी. तिथे चाकाचे सुकाणू नाही, जुन्या चालीची वल्ही आहेत आणि त्यांच्यावर जोर देऊन खलाशांनी ते अरबी समुद्र पार नेले.