‘शिष्य करा’ म्हणजे नेमकं काय? जालन्याचं बेथेल आणि टिळकांचा दरबार

परभणी जिल्ह्यातलं चारठाणा जुन्या मंदिरांसाठी आणि उंच दगडी स्तंभासाठी ओळखलं जातं. तिथून रस्ता जालन्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकात हा सगळा मुलूख निजामाचा होता आणि जालन्याजवळ एक नवं गाव वसवलं जात होतं. त्याचं नाव बेथेल. वसवणारे होते रेव्हरंड नारायण शेषाद्री.

शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, शिक्षण मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. 1843 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. एका घरातल्या श्रद्धेची किंमत अशी सगळ्या शहरानं मोजली.

पुढं शेषाद्री जालन्यात आले. त्यांच्या कामातून ख्रिस्ती झालेल्यांत मांग आणि महार समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. गावकीची कामं सण, देऊळ, जत्रा यांना बांधलेली. श्रद्धा बदलली की कामाचा आणि बलुत्याचा आधारही डळमळायचा. म्हणून हैदराबादचे दिवाण सालार जंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल उभं राहिलं. आसरा मिळाला, पण अशा वेगळ्या वस्तीची एक अडचण असते. माणूस गावातून उठून गेला, तर त्याचं बदललेलं जगणं गावाला दिसणार कसं?

ख्रिस्ती श्रद्धेत हा प्रश्न कळीचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू अनुयायांना सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करायला सांगतो. त्यात बाप्तिस्मा आहे, तसंच त्यानं दिलेल्या आज्ञा पाळायला शिकवणंही आहे. आणि पाळायला शिकवण्याचं काम एका भाषणात होत नाही. ते सोबत राहून होतं: जेवताना, शेतात, आजारपणात, भांडण मिटवताना. मंडळीत ज्याला ‘साक्ष’ म्हणतात, ती बोलण्याइतकीच वागण्याची असते.

याचं सगळ्यात बोलकं मराठी उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. कुठली सभा नाही, व्याख्यान नाही. दोन प्रवाशांच्या गप्पा आणि एक पुस्तक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं आणि काही वर्षं दोघं वेगळे राहिले.

पुढं त्या नगरकडे नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळं सोडलं नव्हतं. एका संसारात दोन धर्म नांदत होते. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून दिसतं की त्यांचा बदल वादविवादात हरून झाला नाही. जातिभेद माणसानंच केलेला आहे, हे त्यांना स्वतःला पटत गेलं. बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. त्यांना पाच वर्षं लागली, आणि तीही ख्रिस्ती कवीच्या बायकोला! झटपट धर्मांतराच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी आणि त्यांना भिणाऱ्यांनीही हे पुस्तक वाचावं.

टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत, कीर्तनात आणलं. चर्च परकं वाटतं म्हणून लोक दूर राहतात, हे त्यांनी ओळखलं होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य सामील होऊ शकत होते. मिशनच्या चौकटीत हे धाडसाचं होतं. दोनच वर्षांत, 1919 मध्ये टिळक गेले.

आज कायदा काय सांगतो? संविधानाचं कलम 25 सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला आपली श्रद्धा सांगणं हा हक्क आहे. ती स्वीकारायची की नाही, हे शेजाऱ्यानं ठरवायचं.

मराठवाड्यातल्या दलित कुटुंबासाठी मात्र निर्णय एवढ्यावर संपत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे मातंग कुटुंबातल्या मुलीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर तिच्या अनुसूचित जातीच्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीवर, राखीव जागेवर प्रश्न उभा राहतो. टिळकांनी दरबारात ज्यांना जागा दिली होती, ते बाप्तिस्मा न घेतलेले शिष्य. शंभर वर्षांनंतर बाप्तिस्मा घ्यायचा की थांबायचं, या प्रश्नात जातीचा दाखलाही येऊन बसला आहे.