पाडव्याची गाडी

धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘दादा, पोराला मोटारसायकल घ्यायचीय. पाडव्याला दारात आली पाहिजे. तू बँकेतला माणूस, बरोबर जा. त्याला भाव करता येत नाही.’

बँकेतला माणूस मी खरा, पण भाव करणे माझ्या हातून कधी धड झालेले नाही. मेथीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घ्यायला मी आजही लाजतो. गाडीच्या बाबतीत तर आमच्या पिढीवर ती वेळच आली नाही. १९७६ साली वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले आणि ती दारात आली १९८४ साली. मधल्या आठ वर्षांत मी शाळा-कॉलेज उरकून बँकेत चिकटलो होतो. नंबर लागल्याचे पत्र आले त्या दिवशी घरात शिरा झाला. विक्रेत्याच्या टेबलासमोर वडील टोपी सारखी करीत उभे राहिले. तो देईल तो रंग, तो सांगेल ती रक्कम. त्या माणसाच्या मुलाने ‘काही कमी करा’ असे म्हणायचे तरी कुठल्या तोंडाने?

तरी गेलो. मार्च २०२३ चा पहिला आठवडा होता आणि पाडवा होता २२ तारखेला. भाचा मिरजेत राहतो, कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. दुसरी पाळी सुटल्यावर त्याला घरी यायला काही मिळत नाही, कुणाच्या तरी मागे बसून यावे लागते. नाहीतर चालत. आईने भिशीचे पैसे त्यासाठीच राखून ठेवले होते. उरलेले सत्तर हजार कर्जाऊ काढायचे होते.

वाटेत मी त्याला बजावले होते, ‘गाडी आवडली हे तोंडावर दिसू द्यायचे नाही.’ शोरूममध्ये शिरल्यावर पाचव्या मिनिटाला तो एका काळ्या गाडीवर बसून आरशात स्वतःला न्याहाळत होता आणि विक्रेत्या पोराला विचारत होता, ‘पाडव्याला नक्की मिळेल ना?’ संपले! पाडव्याला गाडी हवी असलेला माणूस उठून जात नाही, हे त्या पोराला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

‘काका, किंमत कंपनी ठरवते. त्यातला एक रुपया माझ्या हातात नाही,’ तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. एक्स-शोरूमचा आकडा सहसा हलत नाही. हलतो तो त्यांच्याच गळ्याशी आल्यावर. मार्च २०१७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-तीनच्या गाड्या विकायला बंदी केली, तेव्हा दोन दिवस देशभर शोरूमसमोर झुंबड उडाली आणि न हलणारे आकडे हजारोंनी खाली आले. तसे काही आमच्या नशिबी नव्हते.

मग त्याने कोटेशन पुढे केले. हा कागद माझ्या चांगल्या ओळखीचा. वाहनकर्जाच्या प्रत्येक फाइलीत तो असायचाच. मी शेकडो मंजूर केले असतील. शेवटची बेरीज बघायची, मार्जिन वजा करायचे, विक्रेत्याच्या नावे ड्राफ्ट काढायचा. वरच्या ओळी वाचायचे मला कधी सुचलेच नाही. ग्राहक हप्ते कशाचे फेडतो आहे, हे इतकी वर्षे मी पाहिले नव्हते. ते त्या दिवशी, निवृत्तीनंतर, चष्मा पुसून पाहिले.

हँडलिंग चार्जेस पंधराशे. म्हणजे काय, विचारले तर ‘सगळेच घेतात काका’. ॲक्सेसरीजचे किट बेचाळीसशे, त्यात साडी गार्ड. मागे बसणाऱ्यासाठीचे हे संरक्षण नियमाने गाडीलाच असायला हवे. हेल्मेट बाराशे. नियमात तेही गाडीबरोबर देण्याची तरतूद आहे. विम्याच्या ओळीत मोठा आकडा. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच उतरवायची सक्ती नाही. एवढे बोलल्यावर पोरगा आत साहेबांकडे जाऊन आला. मग मी चासी नंबर दाखवायला लावला. गाडी डिसेंबर २०२२ ची निघाली. आरसी बुकात निर्मितीचा महिना येतो, उद्या विकायला काढली की गाडी एक वर्षाने म्हातारी. दुसरी काळी गाडी त्यांच्याकडे नव्हती. हँडलिंग गेले, किट अकराशेवर आले, हेल्मेट तसेच मिळाले, विम्यात चौदाशे उतरले.

कर्जाच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही. ‘फक्त नऊ टक्के,’ तो म्हणाला. ‘फ्लॅट का?’ मी विचारले, आणि तो प्रथमच गडबडला. फ्लॅट म्हणजे तीन वर्षे पूर्ण सत्तर हजारांवर व्याज, मधे मुद्दल फिटत गेले तरी. म्हणजे अठरा हजार नऊशे. घटत्या शिलकेच्या हिशेबात तो दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. बँकेत अकरा टक्क्यांनी व्याज साडेबारा हजारांच्या आसपास होत होते. आम्ही बँकेचे कर्ज घेतो म्हटल्यावर पोराचा चेहरा उतरला. भाचा पुन्हा गाडीकडे गेला तेव्हा हळूच म्हणाला, ‘काका, फायनान्स इथनं केलं असतं तर माझं या महिन्याचं टार्गेट झालं असतं.’ तो भाच्याच्याच वयाचा असेल. विमा बाहेर आणखी स्वस्त मिळाला असता. पण तो मी त्याच्याकडूनच घेतला. बहिणीला हे सांगितलेले नाही.

पाडव्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. त्या पोराने पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली भाच्याच्या हातात देऊन फोटो काढला. बहीण मागे बसली, पदर सावरला आणि मला विचारले, ‘दादा, शेवटी किती कमी केलेस?’

‘सात हजार दोनशे. आणि व्याजात सहा हजारांच्या वर.’

‘व्याजाचं राहू दे. गाडीत किती?’

‘गाडीत काहीच नाही.’

‘बघ,’ ती मुलाला म्हणाली, ‘मी म्हटलं होतं ना, शेजारच्या काकांना घेऊन जा.’