संगणकाची तबकडी आणि परवानगीचा पहारा

दप्तरखान्यातील नोंदवही पाहण्याची मुभा असणे आणि तीतील नोंद फिरविण्याचा अधिकार असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शाळा व कचेऱ्यांतील नोंदी आता संगणकाच्या तबकडीवर, म्हणजेच हार्ड डिस्कवर, साठविल्या जातात. तेथेही हाच भेद कसोशीने पाळावा लागतो.

संगणकाची सर्व यंत्रसामग्री ज्याच्या ताब्यात असते, त्या मध्यवर्ती आज्ञावलीस ‘कर्नल’ म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला ‘लिनक्स’ हा असाच एक कर्नल होय. तबकडीच्या काही सोयी त्याच्यामार्फत चालू वा बंद करता येतात. उदाहरणार्थ, लिहावयाचा मजकूर प्रथम तबकडीच्या तात्पुरत्या स्मृतीत जमा करण्याची सोय चालू ठेवल्यास काम वेगाने होते. परंतु मध्येच वीज गेल्यास तबकडीवर न उतरलेला मजकूर नष्ट होण्याचा संभव असतो. तबकडी ‘केवळ वाचनासाठी’ ठेवणे ही अशीच दुसरी सोय.

ज्याला तबकडी उघडण्याची परवानगी आहे, त्याला ती केवळ वाचनासाठी आहे काय, हे विचारता येते. ती स्थिती बदलावयाची झाल्यास मात्र कर्नल व्यवस्थापनाचा विशेष अधिकार तपासतो व तो नसल्यास विनंती नाकारतो. पूर्वी असे सर्व अधिकार ‘रूट’ या एकाच खात्याकडे एकवटलेले असत. १९९९ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीपासून त्यांची विभागणी करण्याची व्यवस्था झाली.

तपासणीत उणीव राहिल्यास काय घडते, हे २०११ च्या अखेरीस उघड झालेल्या एका दोषावरून दिसून आले. तबकडीच्या एकाच भागाची परवानगी असलेल्या व्यक्तीने विशिष्ट आज्ञा पाठविल्यास ती संपूर्ण तबकडीस लागू होत असे. एका शेताचा सातबारा दाखवून साऱ्या शिवारात नांगर घालावा, तसाच हा प्रकार! जानेवारी २०१२ मध्ये या दोषाची दुरुस्ती करण्यात आली.

कर्नलचा पहारा कितीही कडक असला, तरी किल्लीच सर्वांच्या हाती दिल्यास तो व्यर्थ ठरतो. म्हणून दैनंदिन काम साध्या खात्यातून करावे, ‘रूट’चा परवलीचा शब्द जबाबदार व्यक्तीपाशीच ठेवावा आणि दोषदुरुस्तीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवून घ्याव्यात.