पोटातल्या युरिएजला बिस्मथचा लगाम

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या ऊसकऱ्याला युरिया मातीआड करा, असे कुणी वेगळे सांगावे लागत नाही. उघड्यावर राहिला तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. हे काम मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या ‘युरिएज’ या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे. निंबोळी तेलाचा लेप ही पायरी रोखतो, असा अनेकांचा समज आहे. पण तो मुख्यतः पुढची, नायट्रेट होण्याची पायरी मंदावतो.

तेच विकर माणसाच्या जठरात रोगाला हात देते. तिथल्या आम्लात एरवी जंतूंचा निभाव लागत नाही. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू मात्र जठररसातला थोडासा युरिया फोडतो, अमोनियाने भोवतीचे आम्ल मारतो आणि अस्तरात ठाण मांडतो. अनेक अल्सरांचे मूळ त्याच्यात आहे, यावर कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे कल्चर चक्क पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल त्यांना रॉबिन वॉरन यांच्याबरोबर मिळाले.

युरिएज हे स्फटिकरूपात हाती आलेले पहिले विकर. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये ते आपल्या अबईच्या नात्यातल्या शेंगेच्या दाण्यांतून मिळवले. त्याच्या गाभ्यात निकेल आहे, हे कळायला १९७५ उजाडले.

निकेलवर चालणारे हे विकर दुसऱ्याच धातूपुढे अडते. अल्सरच्या एका गोळीत बिस्मथ हा धातू सायट्रेटशी बांधलेला असतो. रसायनशास्त्रात अशा बांधणीला जटिल संयुग म्हणतात. बिस्मथला गंधकाची ओढ जबर. युरिएजच्या तोंडाशी सिस्टिन या अमिनो आम्लातला गंधक असतो, बिस्मथ त्यालाच धरून बसतो. गोठ्याच्या दारात बैल आडवा बसावा, तशी युरियाची वाट बंद होते. जिवाणूच्या इतर प्रथिनांनाही तो छळतो, पण एकटा पुरत नाही. म्हणून सोबत दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध देतात.

मनाने महिनोन्‌महिने घेण्याची ही गोळी नव्हे. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये बिस्मथच्या अतिवापराने अनेकांच्या मेंदूवर परिणाम झाला होता.

गंधकाच्या त्याच ओढीने आतड्यात बिस्मथ सल्फाइड तयार होते आणि शौच काळे होते. रुग्ण घाबरतात. पण अल्सरमधून रक्त गेले तरी शौच काळेच होते, बहुधा डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे. तसे दिसले, किंवा सोबत चक्कर आली, तर गोळीवर खापर न फोडता लगेच दवाखाना गाठावा.