माळावरचे बालवीर

पुस्तकांत वाचून पोहणें आणि पुस्तकांत वाचून चूल पेटविणें या दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या आहेत. फरक इतकाच, कीं पहिलींत मनुष्य बुडतो व दुसरींत नुसता रडतो. बालवीरांच्या शिबिरांतल्या ज्या गंमती घरोघर सांगितल्या जातात, त्यांचें मूळ बहुधा या विद्येंतच सांपडतें.

ही चळवळ विलायती खरी; पण तिच्यांत आपल्या देशाचा अंश थोडाथोडका नाहीं. तिचे जनक बेडन-पॉवेल हे तरुणपणीं हिंदुस्थानांत घोडदळाचे अधिकारी होते. १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचें पहिलें शिबिर त्यांनीं भरविलें व पुढच्याच वर्षीं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बालवीरांचा स्मरणशक्तीचा खेळ किप्लिंगच्या 'किम' कादंबरींतला, म्हणजे सिमल्याचा. आणि लहानग्यांच्या नायकाचें 'अकेला' हें नांव तर सिवनीच्या जंगलांतून गेलेलें. १९०९ सालीं बंगळूरास पथक निघालें, तें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेंच होतें. एतद्देशीय मुलांकरितां डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनीं १९१७ सालीं मद्रासेस, आणि पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं लवकरच अलाहाबादेस, स्वतंत्र संस्था काढल्या. पुढें ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या शाखा एकत्र होऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था अस्तित्वांत आली.

पुस्तक कोठूनही येवो, माळ मात्र करमाळ्याचाच होता! १९५८ च्या डिसेंबरांत आमच्या पथकाचें शिबिर देवीच्या माळाजवळ भरलें. जवळच रावरंभा निंबाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलेलें कमलाभवानीचें देऊळ व त्याच्या उंच दीपमाळा. बारवेच्या पायऱ्या शहाण्णव सांगतात. ज्यांच्यावर पाणी भरण्याची पाळी आली, त्यांचें मत दोनशेंच्या खालीं कधींच आलें नाहीं.

पहिली फजिती तंबूची. खुंटी तिरपी ठोकावी, असें पुस्तकांत होतें. पण तेथील जमीन मऊ गवताची. येथें मुरूम! खुंट्या वांकल्या, हातोडा तुटला, पण मुरमानें दाद दिली नाहीं. शेवटीं संघनायकानें दोऱ्या दगडांस बांधल्या. मध्यरात्रीं माळावरचा वारा सुटला आणि सहा बालवीर, एक कंदील व एक ट्रंक यांच्यावर तंबू शांतपणें निजला. आंतून कोणीतरी रामरक्षा म्हणूं लागला, तेव्हां सारे जिवंत असल्याची स्काउटमास्तरांस खात्री पटली.

दुसरी फजिती अग्नीची. दोनच काड्यांत चूल पेटवावी, ही परीक्षेची अट. एका संघानें हिवराचीं ओलीं लांकडें सुबक रचलीं. काड्या संपल्या, धूर मात्र सर्वांस पुरून उरला. शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी हा यज्ञ बराच वेळ पाहत होती. तिनें मूठभर तुराट्या व अर्धी गोवरी आणली, एक फुंकर घातली आणि "शाळंत काय शिकिवत्यात रं?" असें विचारून ती चालती झाली. त्या प्रश्नाचें उत्तर स्काउटमास्तरांनीं दिलें नाहीं.

स्वयंपाकाच्या मूळ इंग्रजी परीक्षेंत पाव पौंड मांस व दोन बटाटे शिजविण्याची अट होती. आमच्याकडे मांसाच्या जागीं पिठलें आलें. भाकरी मात्र करमाळ्याच्या नकाशासारख्या झाल्या; कडा करपलेल्या आणि मध्यें ओल. तरीही सर्व जातींचीं मुलें एका पंक्तींत बसलीं व कोणी कण टाकला नाहीं. भूक ही मोठी समाजसुधारक आहे.

तिसऱ्या दिवशींचा प्रकार मात्र नुसता हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पुढें गेलेल्या संघानें वाटेंत दगडांच्या खुणा मांडाव्या व मागच्यांनीं त्या ओळखीत यावें, असा मागकाढणीचा खेळ होता. वळणावर एक दगड दुसऱ्यावर ठेवून, शेजारीं तिसरा ठेवून दिशा दाखविली होती. मधल्या वेळांत वाटेनें जाणाऱ्या कोणा भाविक बाईनें त्या दगडांस हळदकुंकू वाहिलें. मागून चार लहान मुलें आलीं. त्यांनीं हा देव पाहिला, भक्तीनें हात जोडले आणि तीं सरळ पुढें निघून गेलीं!

सूर्य मावळला तरी चौघे आले नाहींत. शिट्या झाल्या, कंदील घेऊन शोध झाला. स्काउटमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. रात्रीं नवाच्या सुमारास एक धनगर चौघांस घेऊन आला. धुळींतले बुटांचे ठसे त्यानें संधिप्रकाशांत वाचले होते. चार पोरें आहेत, एक लंगडतें आहे, हेंही त्यानें ठशांवरून ताडलें होतें. "मास्तर, ही तुमची कोकरं घ्या. वाट इचारायची सोडून दगडाला हात जोडीत व्हती," इतकेंच तो म्हणाला.

त्या चौघांत माझा धाकटा चुलत भाऊ होता. घरीं परत आल्यावर आजीनें विचारलें, "रात्रीं कोणाच्या हातचें जेवलास?" "धनगराच्या," तो म्हणाला. माजघरांत सगळ्यांचे श्वास थांबले. आजोबांनीं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें. आजी थोडा वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "पोटभर घातलें का त्यांनीं?" "हो, दूधसुद्धां." "बरें, आंघोळ करून ये." संक्रांतीस तिळगुळाचा एक डबा माळावर गेला, तो कोणी पाठविला, हें घरांत कोणी विचारलें नाहीं.

बेडन-पॉवेल यांनीं जी विद्या पुस्तकांत गोळा केली, ती रानांतल्या माणसांना पाहून गोळा केली होती. तीच पुस्तकरूपानें आपल्याकडे आली आणि आपण तिच्या मूळ गुरूंकडे पाठ करून पानें उलटीत बसलों. मुलांस शिबिरास अवश्य पाठवावें. तंबू पडेल, भाकरी करपेल, त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मात्र दोरी, शिटी व काडेपेटी यांच्याबरोबर एक उपदेशही पिशवींत घालावा: दगडास नमस्कार करून झाल्यावर वाट माणसासच विचारावी.